दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं गेल्यावर लायसन्सचं काय? इंदूरकरांसाठी पहिल्या रात्रीपासून लायसन्स परत हातात येईपर्यंत

शनिवारी रात्री साडेअकरानंतर फोन वाजला की मला अंदाज येतो. पलीकडे कुणाची तरी आई असते, नाहीतर मोठा भाऊ. "ताई, विजयनगरला धरलंय त्याला. मशीनमध्ये फुंकायला लावलं. गाडीही ठेवून घेतली. सकाळी पैसे भरले की सुटेल ना?"

मी इंदूरला वकिली करते, आणि या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा "हो, माणूस सुटेल" असंच असतं. लायसन्सबद्दल त्या रात्री कुणी विचारत नाही. महिना-दोन महिन्यांनी विचारतात, तोवर हातातलं बरंच निसटलेलं असतं.

रामबागेतल्या एका घरातली गोष्ट सांगते, ओळख पटेल असं काही न सांगता. मुलगा चोवीस वर्षांचा, स्कूटरवर पकडला गेला. वडील पहिल्याच पेशीला, म्हणजे कोर्टाच्या तारखेला, त्याला घेऊन गेले. "चूक झाली साहेब" म्हणाले, दहा हजार भरले, पावती खिशात घातली आणि घरी आले. मुलगा दुसऱ्या दिवसापासून ट्रॅफिकवाल्यांनी दिलेला कागद दाखवत स्कूटर चालवत राहिला. पुढच्या तपासणीत लायसन्स अपात्र असल्याचं संगणकावर दिसलं आणि दुसरा गुन्हा लागला. पहिल्या गुन्ह्यात निदान मशीनचा आकडा, वेळ, कागद यांवर बोलण्यासारखं काही होतं. दुसऱ्यात काहीच नव्हतं.

त्या वडिलांचा चेहरा अजून आठवतो. म्हणून हे सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी एवढं समजून घ्या

मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असताना गाडी चालवली की गुन्हा झाला. तोल जात होता की नाही, गाडी सरळ चालली होती की नाही, याचा इथे संबंध नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही, आणि दुसऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. स्कूटर, कार, लोडिंग रिक्षा, सगळ्यांना एकच नियम.

हा गुन्हा जागेवर चालान भरून मिटत नाही. हेल्मेटचं किंवा सिग्नलचं चालान तसं मिटतं, हे प्रकरण मॅजिस्ट्रेटपुढेच जातं. त्यामुळे रस्त्यावर कुणी "इथेच बघून घेऊ" म्हणत असेल तर त्या वाटेला जाऊ नका. लाच देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि त्याने लायसन्सही वाचत नाही.

आता मुख्य मुद्दा. लायसन्सवर दोन वेगवेगळ्या ठिकाणी निर्णय होतो. एक आरटीओत, एक कोर्टात. आरटीओ कलम १९ खाली पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवू शकतं आणि पुन्हा घडला तर लायसन्स रद्द करू शकतं. कोर्टाने कलम १८५ खाली दोषी ठरवलं, तर कलम २० खाली किमान सहा महिन्यांची अपात्रता द्यावीच लागते. दुसऱ्यांदा दोषी ठरलात तर कलम २२ प्रमाणे कोर्ट लायसन्सच रद्द करतं. म्हणजे दंडाची पावती हातात आली म्हणून लायसन्स वाचलं असं होत नाही. उलट ज्या क्षणी तुम्ही "गुन्हा कबूल" म्हणता, त्या क्षणी सहा महिन्यांचा प्रश्न उभा राहतो.

पहिली रात्र

पहिलं काम, गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, शांत राहा. पोलिसांशी वाद, धक्काबुक्की, मोबाइल उगारून आरडाओरडा, यातून सरकारी कामात अडथळ्याचा गुन्हा वेगळा लागतो आणि मग लायसन्स ही सगळ्यात छोटी काळजी उरते. कुणा नेत्याला फोन लावण्याची आपल्या शहरात मोठी सवय आहे. मी पाहिलंय, त्या फोनमुळे ट्रॅफिक पोलिसांचे सूबेदार साहेब अधिकच कागदी होतात, आणि त्यांनी कागदी व्हावं हे बरोबरच आहे.

फुंकायला नकार देऊ नका. खूप जण समजतात की फुंकलंच नाही तर पुरावा नाही. कायदा नेमकं उलट सांगतो. नकार दिला आणि दारूचा संशय घेण्यासारखी परिस्थिती असली तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते, पोलीस थाण्यात नेऊन रक्ताचा नमुना मागता येतो, आणि कलम २०५ खाली तुमचा नकार खटल्यात तुमच्याविरुद्ध धरला जाऊ शकतो. नकाराला खरंच कारण असेल, उदाहरणार्थ दम्याचा त्रास, तर ते त्याच वेळी सांगा आणि लिहून घ्यायला लावा.

मशीनवरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. मशीन स्लिप छापतं तेव्हा तिची प्रत मागा. नाही दिली तर नम्रपणे फोटोची परवानगी मागा, तेही नाही झालं तर आकडा, वेळ आणि चौकाचं नाव फोनमध्ये टिपून ठेवा. तोंडात नुकतंच माउथवॉश किंवा अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध गेलं असेल तर ते लगेच बोला. तोंडातल्या अल्कोहोलने आकडा फुगतो आणि काही मिनिटांत तो परिणाम ओसरतो. अटक झाली असेल तर थाण्यात पुन्हा श्वास तपासणीची संधी मिळणं हा कलम २०३ प्रमाणे तुमचा हक्क आहे, तो मागून घ्या.

अटक झाली तर दोन तासांच्या आत नोंदणीकृत डॉक्टरकडून तपासणी व्हायला हवी. तशी झाली नाही तर कोठडीतून सोडावं लागतं. इथे एक गैरसमज आहे. सोडलं म्हणजे प्रकरण संपलं असं नाही, पण त्या वेळा पुढे तुमच्या वकिलाला कामाच्या पडतात. किती वाजता थांबवलं, किती वाजता थाण्यात पोचलात, एमवायला किंवा दुसऱ्या रुग्णालयात नेलं तर किती वाजता, हे घरच्यांनी कागदावर लिहून ठेवावं. चालक स्त्री असेल आणि रक्त घेणारा डॉक्टर पुरुष असेल, तर नमुना एखाद्या स्त्रीच्या उपस्थितीतच घेता येतो.

अटकेचं कारण सांगणं आणि घरच्यांना कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. नुसतं कलम १८५ असेल तर गुन्हा जामीनपात्र आहे, टीआय साहेबांकडे, म्हणजे थाण्याच्या प्रमुखांकडे, मुचलका आणि जमानतदार देऊन सुटका होते. येताना जमानतदाराने आधार आणलं की खेपा वाचतात. काय प्यायलो, किती प्यायलो, कुणाबरोबर, या गप्पा थाण्यात मारू नका. नाव आणि पत्ता मात्र खराच सांगा. न वाचता कशावरही सही करू नका. हिंदी कागद अवघड वाटला तर वाचून दाखवायला सांगा.

एखाद्याला धक्का लागला असेल, कुणी जखमी असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. आधी जखमीला रुग्णालयात पोचवा, ११२ ला कळवा आणि वकिलाला बोलवा. तिथे भारतीय न्याय संहितेची कलमं लागतात, आणि विमा कंपनीलाही दारूचं कारण पुढे करून जबाबदारीतून अंग काढून घ्यायला कायद्याने जागा दिलेली आहे.

तो कागद नीट वाचा

या सगळ्यात जास्त नुकसान मी ज्या एका गोष्टीमुळे पाहिलं ती ही. लायसन्स जप्त केल्यावर पोलीस एक तात्पुरती पावती देतात. जुन्या काळापासून लोकांच्या डोक्यात बसलंय की ही पावती दाखवून गाडी चालवता येते. कलम २०६ च्या पोटकलम ३ खालच्या पावतीवर ते खरं आहे, तिच्यावर लिहिलेल्या तारखेपर्यंत. पण २०१९ च्या दुरुस्तीने पोटकलम ४ आलं. दारू, अतिवेग, धोकादायक चालवणं अशा गुन्ह्यांत लायसन्स जप्त होऊन आरटीओकडे जातं, आणि त्या वेळी दिलेली पावती गाडी चालवण्याचा अधिकार देत नाही. लायसन्स परत मिळेपर्यंत नाही.

म्हणून पावती घेतल्या घेतल्या तीन गोष्टी पाहा. कुठलं कलम लिहिलंय. लायसन्स कोर्टात पाठवणार की आरटीओत, आणि कुठल्या आरटीओत. पेशीची तारीख आहे का. तुमचं लायसन्स पुण्याचं किंवा नागपूरचं असेल तर ते कुठे पाठवलं हे लिहून घेणं जास्तच गरजेचं, कारण नोटीस तिकडून येऊ शकते.

आपल्या पोरांचं लायसन्स हल्ली डिजिलॉकरमध्ये असतं, प्लास्टिकचं कार्ड घरी कपाटात. कार्ड घेतलं नाही म्हणून लायसन्स शाबूत आहे असं धरून चालू नका. जप्ती आणि अपात्रतेची नोंद पोर्टलवर होते.

आणि कृपा करून "हरवलं" म्हणून डुप्लिकेटसाठी अर्ज करू नका. जप्त असलेलं लायसन्स हरवलं असं लिहून देणं म्हणजे सरकारी कागदावर खोटं बोलणं. असा सल्ला देणारे लोक आरटीओच्या बाहेर भेटतात. पुढे अडकता तुम्ही.

गाडीबद्दल थोडक्यात. ती जप्त असेल तर मालकाने कोर्टात सुपुर्दगीचा, म्हणजे गाडी ताब्यात परत मिळण्याचा, अर्ज करायचा. गाडी वडिलांच्या नावावर असेल तर अर्ज वडिलांचा. आरसी, विमा, पीयूसी, आधार जोडा. परत आणायला लायसन्स असलेला दुसरा माणूस न्या.

आरटीओची नोटीस

आपलं कार्यालय नायता मुंडल्याला आहे, रामबाग-राजेंद्रनगरहून लांब पडतं, आणि म्हणून लोक तिकडे जायचा कंटाळा करतात. तो कंटाळा इथे महाग पडतो.

कायद्याने आरटीओला तुमचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय अपात्र ठरवता येत नाही, आणि आदेशात सविस्तर कारणं लेखी द्यावी लागतात. पण नोटीस जाते लायसन्सवरच्या पत्त्यावर. किती कुटुंबं रामबाग, नारायणबाग, तिलकनगर सोडून बायपासकडच्या सोसायट्यांत गेली आणि लायसन्सवर वाड्याचाच पत्ता राहिला! वाडा पाडून तिथे दुकानं झाली, नोटीस "घेणारा सापडला नाही" म्हणून परत गेली, आणि आदेश झाला. तुमचं असंच असेल तर दोन कामं करा. जुन्या पत्त्यावरच्या शेजाऱ्यांना सांगून ठेवा. आणि नोटिशीची वाट न पाहता पावतीची झेरॉक्स जोडून आरटीओला अर्ज द्या की माझा सध्याचा पत्ता आणि मोबाइल हा आहे, सुनावणीची सूचना इथे द्यावी. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का आणि तारीख घ्या. अर्ज हिंदीतच लिहा, काम सोपं होतं.

नोटिशीचं उत्तर देताना लोक भावनिक पत्र लिहितात. घरात एकटा कमावणारा, आई आजारी, चूक पुन्हा होणार नाही. मला त्यांचं दुःख कळतं. पण कलम १९ च्या या तरतुदीत आरटीओपुढे पहिल्या गुन्ह्याला दोनच वाटा आहेत, एकतर सोडून देणं, नाहीतर तीन महिने. तेव्हा उत्तराचा भर गुन्हा झाला की नाही यावर हवा. आकडा ३० च्या अगदी जवळ होता का, थाण्यातल्या तपासणीत कमी आला का, स्लिपवर नाव, वेळ, तारीख जुळते का, मशीनच्या कॅलिब्रेशनचं प्रमाणपत्र आहे का, गाडी खरोखर तुम्हीच चालवत होतात का. यांतलं काही असेल तर कागदासकट मांडा. काही नसेल तर उगाच खोटं रचू नका.

एक मागणी मात्र जरूर करा. अपात्रता सगळ्या वर्गांच्या गाड्यांसाठी किंवा ठरावीक वर्गासाठी असू शकते. स्कूटरवर पकडला गेलेला माणूस पोटासाठी स्कूलव्हॅन चालवत असेल, तर आदेश दुचाकीपुरता ठेवावा अशी लेखी विनंती करता येते. मान्य होईलच असं नाही. केलीच नाही तर विचारही होणार नाही.

आदेश विरुद्ध गेला तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील करता येतं. आदेश हातात आल्याची तारीख लिफाफ्यावर लिहून ठेवा, दिवस तिथून मोजायचे आहेत.

कोर्टातली पेशी

पहिल्या पेशीला जायच्या आधी अर्धा तास तरी वकिलाशी बोला. फी परवडत नसेल तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाकडे जा किंवा १५१०० वर फोन करा. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना, कोठडीत असलेल्यांना आणि कमी उत्पन्नाच्या लोकांना तिथे मोफत वकील मिळतो.

मी कुणालाही "कबूल करूच नका" असं सरसकट सांगत नाही. आकडा १४० आला असेल, डॉक्टरी अहवाल जुळत असेल, कागद स्वच्छ असतील, तर कबूल करणं प्रामाणिकपणाचंही आहे आणि वेळ वाचवणारंही. पण मग ते सहा महिने डोळ्यांसमोर ठेवून करा. नोकरीवर येण्याजाण्याची सोय आधी लावा. आरटीओचा तीन महिन्यांचा आदेश झाला असेल, लायसन्स कधीपासून जमा आहे याची पावती असेल, तर ती वकिलामार्फत कोर्टापुढे ठेवा आणि मुदत किमान इतकीच राहावी असं मागा. अपात्रता कुठल्या तारखेपासून धरायची हे आदेशात स्पष्ट लिहिलं जाईल याकडे लक्ष द्या.

आणि कागदांत खरोखर खोट असेल, आकडा काठावर असेल, तर पहिल्या दिवशीच्या घाईत कबुली देऊन टाकू नका. केसची कागदपत्रं मागा, वाचा, मग ठरवा. ही पहिली नोंद पुढे आयुष्यभर "पहिला गुन्हा" म्हणून राहते. पुन्हा कधी घडलं तर पंधरा हजार, दोन वर्षांपर्यंत कैद आणि लायसन्स रद्द, हे सगळं या एका कबुलीवर उभं राहतं.

निकाल झाला की त्याच दिवशी नकल, म्हणजे निकालाची प्रमाणित प्रत, काढायला अर्ज द्या. सत्र न्यायालयात जायचं असेल तर मुदत सुरू झालेली असते आणि नकलेशिवाय पुढचं पाऊल पडत नाही.

लायसन्स नसलेले महिने

गाडी चालवायची नाही. दूध आणायला नाही, सकाळी पोहे आणायला नाही, मुलाला शाळेत सोडायला नाही. अपात्र असताना गाडी चालवली तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. या काळात नवं लायसन्स काढण्याचा प्रयत्नही करायचा नाही, मग ते इथे असो की जळगावच्या मामाच्या पत्त्यावर. सुनावणीला नायता मुंडल्याला स्वतः स्कूटर चालवत जाणारे लोक मी पाहिलेत. सिटी बसने जा, भावाला घेऊन जा.

कंपनीत ड्रायव्हर असाल तर मालकाला स्वतःहून सांगा. दडवून गाडी चालवलीत आणि अपघात झाला, तर विमा कंपनी चालक अपात्र होता हे कारण पुढे करेल आणि मालकाचं घर बसेल.

वडोदऱ्याला बहीण, मावशी असलेली बरीच घरं आपल्याकडे आहेत. तिकडे गाडी घेऊन जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, गुजरातेत दारूबंदीचा कायदा आहे. तिथे मोटार वाहन कायद्याच्या जोडीला तो गुन्हाही लागतो आणि वर सांगितलेलं सोपं जामिनाचं गणित तसंच राहीलच असं नाही.

सकाळचीही काळजी घ्या. शरीरातलं अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅम या वेगाने उतरतं. रात्री एकला आकडा १५० असेल तर सकाळी आठला तो ४५ च्या आसपास असतो, म्हणजे अजून मर्यादेच्या वर. झोप झाली, अंघोळ झाली, डोकं हलकं वाटतंय, तरी गुन्हा होतोच. बडीशेप, पान, कडक कॉफी यांनी वास जाईल, आकडा जात नाही. १ एप्रिल २०२३ पासून आपल्या राज्यात दारूच्या दुकानांचे अहाते, म्हणजे तिथेच बसून प्यायच्या जागा, बंद झाले, तेव्हापासून गाडीतच बसून पिणारी मुलं मला जास्त दिसतात. गाडीत बसलेला माणूस शेवटी स्टिअरिंगला हात लावतोच. घरातल्या मोठ्यांनी ओरडण्यापेक्षा "किती वाजले तरी फोन कर, घ्यायला येतो" असं सांगून ठेवलं तर रात्री साडेअकराचे माझे फोन कमी होतील, आणि ते कमी व्हावेत असं मला मनापासून वाटतं.

मुदत संपली की लायसन्स आपोआप घरी येईल अशी वाट पाहू नका. अपात्र ठरलेल्या चालकाला मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग स्कूलमध्ये उजळणीचं प्रशिक्षण पूर्ण करावं लागतं. ते शेवटच्या आठवड्यावर ठेवू नका, आरटीओत विचारून मुदत चालू असतानाच उरका. प्रमाणपत्र, आदेशाची प्रत, दंडाची पावती आणि जप्तीची मूळ पावती एका फाइलमध्ये घालून अर्ज द्या. कार्ड हातात मिळालं तरी तिथेच उभं राहून मोबाइलवर सारथी पोर्टल (लायसन्सची सरकारी वेबसाइट) उघडा, लायसन्सचा नंबर आणि जन्मतारीख टाका आणि स्थिती चालू दिसते का ते पाहा. अजून अपात्र किंवा निलंबित दिसत असेल तर खिडकीवर परत जा आणि नोंद दुरुस्त करून घ्या. नाहीतर पुढच्या चौकात पोलिसाच्या हातातल्या मशीनवर जुनीच नोंद उघडेल.